ड्रेस मापाचा आहे

गेल्या मे महिन्यात कराडला भाच्याचं लग्न होतं. ताईच्या सासऱ्यांचा हट्ट की डीजे नको, बँडच पाहिजे, त्यामुळे पोरं नाराज आणि म्हातारे खूष अशा अवस्थेत परण्या निघाला. मला नाचता येत नाही, म्हणून दरवेळी कुणाची तरी पर्स, कुणाचा मोबाईल, कुणाचं पेंगुळलेलं पोरगं असं सगळं माझ्याकडे सांभाळायला येतं आणि मी बँडच्या कडेकडेने चालत राहतो. लाल कोट, खांद्यावर पिवळे झुपके, छातीवर जरीची नक्षी आणि खाली ज्याला जे मिळालं ते, कुणाला बूट कुणाला स्लिपर. सगळ्यात पुढे एक म्हातारा ट्रम्पेटवाला होता, सत्तरीचा तरी असेल. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं बरोबर पडतायत, सूर चढला की ट्रम्पेट आभाळाकडे. काय रुबाब! अर्ध्या रस्त्यात कुणीतरी नोटा ओवाळायला बँड थांबवायला लागलं, एकदम सगळं वाजणं तुटलं, आणि म्हातारबुवांचे डोळे मिटलेलेच असल्यामुळे त्यांना ते कळायला एक दोन सेकंद उशीर झाला. ते वाजवतच राहिले. गाल फुगलेले, बोटं चालू, आणि आवाज काही नाही.

मग माझं लक्ष मागे गेलं. लाईटच्या गाडीपाशी, जनरेटरच्या धुरात एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा उभा होता, अंगात साधा टीशर्ट, हातात ट्रम्पेट, तो ओठ पुसत होता. सगळं तोच वाजवत होता.

रात्री बँडवाल्यांची पंगत शेवटी बसली तेव्हा मी मुद्दाम जाऊन म्हाताऱ्याशेजारी बसलो. म्हटलं, मामा, तुम्ही वाजवत नव्हता ना? त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते हसले आणि वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. पुढचे दोन दात नव्हते आणि उरलेल्यांची मुळं उघडी पडलेली. "वरचं दात गेलं की टंपेट गेला सायेब. हवा बाजूनं फुस्सकन जाती." मग तुम्ही पुढे आणि पोरगा मागे असं का? जिलबी तोडत म्हणाले, "पोरगं ग्वाड वाजवतंय की, नातूच हाय माझा. पर त्येला ड्रेस हुईत न्हाई. ड्रेस माज्या मापाचा हाय."

हसलो मी पण. पण कराड ते पुणे एसटीत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आणि वाईच्या फाट्याच्या आसपास कधीतरी मला ऑलिव्हर आठवला. जो ऑलिव्हर, म्हणजे किंग ऑलिव्हर, अमेरिकेतला जुन्या जॅझचा वाजवणारा. माझ्या ओळखीत हे नाव माहीत असणारे दोनच लोक आहेत आणि त्यातला एक मी, त्यामुळे हे सगळं सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या जॅझच्या एका कॅसेटवर त्याची चार-पाच गाणी होती. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं कॅसेट खराब आहे. पावसात पत्र्यावर काहीतरी चाललंय आणि लांब कुठेतरी गल्लीच्या टोकाला वरात जातेय, असा आवाज. एकदम सगळे मिळून वाजवतायत, कोण काय वाजवतंय कळत नाही. मी ती बाजू कित्येक महिने लावलीच नाही. मग एकदा तापात पडलेलो, उठून कॅसेट बदलायचा कंटाळा आला म्हणून ती तशीच वाजत राहिली आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्या पावसाच्या आत माणसं दिसायला लागली.

ते रेकॉर्डिंग कसं झालं हे नंतर वाचलं आणि त्या आवाजाचा राग यायचा बंद झाला. एप्रिल १९२३ मधले दोन दिवस, तारीख ५ आणि ६. ठिकाण त्याचा बँड वाजवायचा ते शिकागो नाही, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं रिचमंड नावाचं छोटं गाव. तिथे स्टार नावाची पियानो बनवणारी कंपनी होती आणि तिचीच जेनेट नावाची रेकॉर्ड कंपनी. स्टुडिओ म्हणजे कारखान्याच्या आवारातली एक खोली, भिंतींच्या आत लाकडाचा भुसा भरलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि शेजारून रेल्वेचा रूळ. गाडी आली की वाजवणं बंद, गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. मायक्रोफोन नाहीच. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं, तो आवाज पलीकडे मेणाच्या चकतीवर सुईने कोरला जाणार. मेण मऊ राहायला हवं म्हणून खोली गरम ठेवलेली. कोण किती ऐकू येणार हे बटणावर नाही, तुम्ही कर्ण्यापासून किती पावलांवर उभे आहात त्यावर. बेबी डॉड्ससारखा ड्रमर, पण त्याचा मोठा ड्रम वाजला तर सुई उडेल म्हणून त्याला लाकडी ठोकळ्यांवर टकटक करत बसवलं. बिल जॉन्सन खरा बास वाजवणारा, त्याच्या हातात बँजो. म्हणजे आपण जे ऐकतो तो तो बँड नाहीच, त्या बँडमधलं जेवढं त्या कर्ण्याला झेपलं तेवढं.

आणि गाव कुठलं, तर ज्या राज्यात तेव्हा कू क्लक्स क्लानचा, म्हणजे काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा जोर होता तिथलं. काळ्या वादकांचा हा बँड रेकॉर्ड करणारी हीच कंपनी पैसे घेऊन क्लानवाल्यांच्या रेकॉर्डसुद्धा छापून द्यायची. त्याच यंत्रांवर. धंदा म्हणजे धंदा, आपल्याकडे एकाच प्रेसमध्ये दोन्ही पार्ट्यांची पत्रकं छापतात तसं. त्या तबकड्यांच्या मालात लाख असायची आणि जगाला लागणारी लाख तेव्हा बहुतेक आपल्याकडून, छोटा नागपूरच्या बाजूच्या जंगलांतून जायची. याचा तसा काही अर्थ नाही. पण माझ्या आजीच्या हातात लाखेच्या बांगड्या होत्या, त्यामुळे मला ते आठवत राहतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑलिव्हर कॉर्नेट वाजवायचा, कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा जरा बुटका भाऊ. न्यू ऑर्लिन्समध्ये नाव कमावून शिकागोला आलेला, एका डोळ्याने अधू, अंगाने दांडगा, खायला जबरदस्त. १९२२ च्या ऑगस्टमध्ये त्याने गावाकडे तार करून एका एकवीस वर्षांच्या पोराला बोलावून घेतलं, सेकंड कॉर्नेट वाजवायला. तो पोरगा लुई आर्मस्ट्राँग, पुढे जगभर गाजलेला. लिंकन गार्डन्स नावाच्या हॉलमध्ये दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे आणि मध्येच सगळा बँड थांबून हे दोघं दोन सुरांत एकच वळण असं घ्यायचे की लोकांना कळेना न ठरवता हे जमतं कसं. तर ऑलिव्हर पुढचं वळण आधीच नुसत्या बोटांनी, न फुंकता, पट्ट्यांवर दाबून लुईला दाखवायचा. ऐकणाऱ्यांतले बाकीचे वाजवणारे डोकं खाजवत घरी जायचे.

न फुंकता. हे वाक्य मी एसटीत पुन्हा आठवलं तेव्हा जरा थबकलोच.

तर रिचमंडला त्या खोलीत दोघं कर्ण्यासमोर शेजारी उभे राहिले आणि नुसता लुईच ऐकू यायला लागला. पोराच्या फुंकीत जोरच तेवढा होता. मग त्याला मागे सरकवलं, आणखी मागे, शेवटी बारा-पंधरा फूट लांब कोपऱ्यात नेऊन उभा केला. हे सगळं पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने पुढे सांगितलंय. पोराचं तोंड एवढंसं झालेलं, त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आणि तिने त्याच्याकडे बघून हसून धीर दिला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. लिलने सांगितलेली आणखी एक गोष्ट जास्त टोचते. जोने तिला खाजगीत सांगितलं होतं म्हणे, की लुई माझ्यापेक्षा चांगला वाजवतो, पण जोवर तो माझ्याजवळ आहे तोवर माझ्या पुढे जात नाही, तोवर मीच किंग. मला यात कपट वाटत नाही, किंवा वाटतं आणि तरीही माणूस आवडतो. ज्याला आपण स्वतः तार करून बोलावलं, त्याला रोज शेजारी उभं करून त्याचा आवाज ऐकायचा आणि घरी जाऊन झोपायचं, हे सोपं नसणार.

त्या दोन दिवसांतलं एक गाणं म्हणजे 'डिपरमाऊथ ब्लूज'. त्यात ऑलिव्हरचा तीन फेऱ्यांचा सोलो आहे, बारा-बारा मात्रांच्या... मात्रा नाही म्हणता येणार, बार म्हणतात ते, आपल्या आवर्तनासारखं समजा. त्याला भांड्याबाटल्या, पेले, डोक्यावरची हॅट असलं काहीही कॉर्नेटच्या तोंडाशी धरून आवाज बदलायचा नाद होता. इथे तो झाकण उघडतो, मिटतो, उघडतो, आणि सूर वा-आ, वा-आ असा रडायला लागतो. फार वर चढत नाही, चार-दोन सुरांच्या अंगणातच फिरतो, पण प्रत्येक सूर दाबून, वाकवून, जरा उशिरा सोडतो, एखादी म्हातारी बाई ओवी म्हणताना शेवटचा शब्द ओढते ना तसं. सोलो संपताना एकदम कुणीतरी ओरडतं, ओ प्ले दॅट थिंग! म्हणजे वाजव रे बाबा. तो बिल जॉन्सन. गोष्ट अशी सांगतात की तिथे ड्रमरने काहीतरी वाजवायचं होतं, तो बिचारा विसरला, आणि ती रिकामी जागा भरायला जॉन्सन ओरडला. मग ते तसंच ठेवलं. नंतर हे गाणं वाजवणाऱ्यांना तिथे ओरडावंच लागलं, नाहीतर गाणं पुरं होत नाही. चूक छापली गेली की शास्त्र होतं, ते असं.

त्याच दोन दिवसांत 'चाइम्स ब्लूज' नावाच्या गाण्यात कोपऱ्यातल्या पोराला एक छोटा सोलो मिळाला. लुई आर्मस्ट्राँगचा रेकॉर्डवरचा पहिला सोलो तो हाच. लांबून येतो, पण येतो.

त्या एका वर्षात या बँडने जेनेट, ओके, कोलंबिया, पॅरामाऊंट अशा वेगवेगळ्या कंपन्यांसाठी मिळून सदतीस गाणी केली, त्यातल्या एका रेकॉर्डची तर जगात एकच प्रत माहीत आहे. आणि मग बँड फुटला, पैशावरून. बँड कायम पैशावरूनच फुटतात, कराडचा असो की शिकागोचा. लिलच्या आग्रहाने लुई १९२४ मध्ये निघाला आणि न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला. तिथे १९२५ मध्ये त्याने तेच डिपरमाऊथ वेगळ्या नावाने वाजवलं आणि सोलोच्या जागी आपलं काही न वाजवता जोचाच सोलो वाजवला. म्हणजे लांब जाऊन सुद्धा पोरगा गुरूच्या जागा घेत होता. हे मला लग्नाच्या आहेरापेक्षा मोठं वाटतं.

ऑलिव्हरच्या बरोबरीचे वाजवणारे म्हणायचे की रेकॉर्डवरचा ऑलिव्हर हा खरा ऑलिव्हर नव्हेच, १९२३ पर्यंत त्याचे चांगले दिवस मागे पडत आलेले, तुम्ही त्याला न्यू ऑर्लिन्सला ऐकायला हवं होतं. हे आपल्याला काही नवीन नाही. गवई भास्करबुवा बखल्यांबद्दल, अल्लादिया खाँसाहेबांबद्दल असंच ऐकत आपण मोठे झालो, आणि त्यांची तर एक तबकडी नाही. ऑलिव्हरच्या आधीचा न्यू ऑर्लिन्सचा किंग बडी बोल्डन, त्याचाही एक सूर उरलेला नाही. फ्रेडी केपर्ड नावाचा आणखी एक होता, तो म्हणे बोटांवर रुमाल टाकून वाजवायचा, कुणी आपल्या जागा चोरू नयेत म्हणून. आपल्या खाँसाहेबांना या माणसाशी बसून बोलायला आवडलं असतं.

पण ऑलिव्हरचं दुखणं वेगळं. त्याची रेकॉर्ड आहे, भरपूर आहे, फक्त वेळ चुकलेली आहे. जेव्हा फुंकीत दम होता तेव्हा समोर तो कर्णा. १९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन आले, आवाज एकदम स्वच्छ यायला लागला, ड्रम ड्रमसारखा वाजायला लागला, आणि नेमक्या त्याच वर्षांत जोच्या हिरड्या गेल्या. पायोरिया. आपल्या मंजनाच्या जाहिरातीत असायचा तोच. कॉर्नेटवाल्याचं सगळं भांडवल ओठामागचे पुढचे दात, ते हलायला लागले की फुंकायला आधारच नाही. १९२६ पासूनच्या डिक्सी सिंकोपेटर्स या त्याच्या मोठ्या बँडच्या रेकॉर्ड मी अधूनमधून लावतो, 'स्नॅग इट' मध्ये तो अजून आहे, चांगलाच आहे. १९२७ ला न्यूयॉर्कला गेला, तिथल्या कॉटन क्लब या नाइटक्लबने बोलावलं तर पैसे कमी म्हणून नाही म्हणाला, आणि ती जागा ड्यूक एलिंग्टन नावाच्या एका तरुण पियानोवाल्याला मिळाली. पुढे तोही जगभर गाजला. हे वाचताना मी दरवेळी मनातल्या मनात त्याला सांगतो, अरे घे ना बाबा, काय होतंय. त्याच्या जागी मीही भाव वाढवूनच मागितला असता.

१९२९-३० मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी त्याने पुष्कळ गाणी केली. आवाज झकास. आणि त्या रेकॉर्ड लावल्या की जगभरचे शौकीन आजपर्यंत भांडतात, हा सोलो जोचा की त्याच्या भाच्याचा की आणखी कुणाचा. कारण तोवर बऱ्याच ठिकाणी ट्रम्पेट वाजवत होता डेव्ह नेल्सन, जोचा भाचा. लेबलवर नाव किंग ऑलिव्हर. स्टुडिओत तो असायचा, बँड त्याचा, गाणी बरीचशी त्याची, कधी जमलं तर मधला एखादा तुकडा स्वतः वाजवायचा. मी हेडफोन लावून पुष्कळ वेळा बसलोय. एखादा सूर जरा दबकत, कडेला पाय ठेवून आल्यासारखा येतो तेव्हा मला वाटतं हा जो. चुकतही असेन.

१९३१ नंतर रेकॉर्ड नाही. शिकागोतल्या बँकेत ठेवलेले पैसे बँकेबरोबर बुडाले. दक्षिणेतल्या गावागावांतून एक बंद पडणारी बस घेऊन बँड फिरवत राहिला, पोरं एक एक करून सोडून जात राहिली. शेवटी जॉर्जियातल्या सव्हाना गावी अडकला. रस्त्यावर फळं-भाजी विकली, मग पूल, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ, खेळायच्या एका हॉलमध्ये झाडलोटीचं काम. बहिणीला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत आहे, सकाळी ९ ला उघडतो आणि रात्री १२ ला बंद करतो. न्यूयॉर्कच्या तिकिटासाठी एका डब्यात नाणी साठवत होता. त्या पत्रांत कुणाला शिव्या नाहीत, लुईलाही नाहीत. ती वाचली तेव्हा मला जरा रागच आला होता, एखादी शिवी तरी घालायची ना.

१९३७ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आपला बँड घेऊन सव्हानाला आला, तोवर तो जगाचा लुई झालेला, आणि त्याला रस्त्यावर भाजीच्या गाड्यापाशी पापा जो दिसला. पापा जो म्हणूनच हाक मारायचा तो कायम. लुईने आणि बँडमधल्या जुन्या लोकांनी खिशात होतं ते काढून दिलं. लुईच सांगतो, त्या रात्री कार्यक्रमाला विंगेत ऑलिव्हर येऊन उभा राहिला, आणि कसा, तर एकदम कडक कपडे करून, जुन्या दिवसांसारखा.

इथे मला म्हाताऱ्याचा ड्रेस आठवला. दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ऑलिव्हर गेला. बहिणीने घरभाड्याचे पैसे घालून त्याला न्यूयॉर्कला आणून पुरलं, दगडाला पैसे उरले नाहीत.

आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांत तीस-चाळीसच्या दशकात गोव्याची पोरं ट्रम्पेट वाजवायला लागली, त्यांच्यापर्यंत लुईच्या रेकॉर्ड पोचल्या होत्या. अल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्याला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. तो आपल्या सी. रामचंद्रांकडे वाजवायचा, आणि तिथून ते ट्रम्पेटचे तुकडे हिंदी गाण्यांत आले, गाण्यांतून लग्नाच्या बँडमध्ये. आता कराडच्या परण्यात त्या पोराने जनरेटरशेजारी जी एक जागा वाकवून घेतली ती कुठून कुठून आली असेल हे काही सिद्ध करता येत नाही, आणि मी करणारही नाही. पण ऑलिव्हरचं नाव वाटेत कुठेतरी गळलं एवढं नक्की. चिक चॉकलेटला कुणी भारताचा किंग ऑलिव्हर म्हटलं नाही.

परवा ताईने ग्रुपवर लग्नाचा व्हिडिओ टाकला. व्हिडिओवाल्याने चांगला केलाय, ड्रोन वगैरे. परण्याच्या भागात कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ म्हाताऱ्यावर आहे, साहजिक आहे, झुपके, जरी, फुगलेले गाल, ट्रम्पेट आभाळाकडे, आणि आवाज एकदम स्वच्छ, हल्ली मोबाईलचे माईकसुद्धा चांगले असतात. नोटा ओवाळल्या तो तुकडा कापलाय. खाली सगळ्यांनी टाळ्यांचे हात टाकलेत, ताईच्या सासऱ्यांनी लिहिलंय, 'बघा, याला म्हणतात वाजवणं.' मी पोरगा कुठे दिसतो का म्हणून तीनदा पुढेमागे केलं. एकदा फक्त, मारुतीच्या देवळाच्या वळणावर, लाईटच्या गाडीमागे टीशर्टची एक बाही दिसते, आणि पितळेवर चमकलेला बल्ब.

मीही टाळ्यांचा हात टाकला.